व्हिएन्नाहून मुंबईचे एकच तिकीट

रियाध,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९९१

आदरणीय सिराजुद्दीनभाई यांस,

उमैरचा अदबीने सलाम. तुमचा गुडघा, अम्मांची साखर आणि गिरणीचा नवा पट्टा ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (पट्ट्याबद्दल तुम्ही मागच्या पत्रात लिहिले होते की तो सुटून भिंतीवर आदळला. त्या वेळी तुम्ही कुठे उभे होता ते लिहिले नाही. कृपया कळवावे, मी अजून त्याच काळजीत आहे.) म्हसळ्यातल्या सर्व लहानथोरांस आमचे सलाम सांगावेत.

सर्वांत आधी मुख्य गोष्ट लिहितो, म्हणजे बाकीचे तुम्ही बसून वाचाल. साबिरा सुखरूप आहे. हे लिहीत असताना ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडते आहे आणि खड्यांना काहीतरी बोलते आहे, ते मला ऐकू येते आहे. तुमची तार २८ जानेवारीला मिळाली. "साबिराला ताबडतोब पाठवा" एवढेच तीत होते. तुम्ही रेडिओवर रियाधचे नाव ऐकले असेल आणि अम्मांनी जेवण सोडले असेल, हे मी समजू शकतो. उत्तराला अठरा दिवस लागले त्याचे कारण आळस नाही. मधले काही दिवस मी आणि तुमची बहीण युरोपात होतो. हे वाचून तुम्हाला जो राग येईल तो थोडा वेळ बाजूला ठेवावा, कारण त्यापेक्षा अधिक राग येण्यासारखे पुढे आहे.

लढाई सुरू झाल्यापासून इथली रीत अशी आहे. भोंगा वाजला की खिडक्यांपासून लांब जायचे, आणि विषारी वायूचे क्षेपणास्त्र असेल तर म्हणून एक खोली आधीच बंद करून ठेवायची. आमच्या कफीलचे, म्हणजे मालक फहाद यांचे, खजुराचे गोदाम अल सुलै भागात आहे. तिथून मी खोकी चिकटवायच्या तपकिरी टेपची रिळे आणली आणि आमच्या खोलीचे न्हाणीघर मी स्वतः बंद केले. खिडकीला तीन पदर, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आत पाणी, खजूर, ट्रान्झिस्टर आणि कुराण. काय कशानंतर करायचे याची यादी करून दारावर लावली, एकूण अकरा कलमे. मी फहाद यांच्या घरी गाडी चालवतो आणि साबिरा त्यांच्या घरातले बघते, पण भोंग्यानंतर ही यादी सगळ्या बंगल्यात चालते. ड्रायव्हरने केली म्हणून कोणी नाक मुरडले नाही. तुमच्या बहिणीचे मात्र असे की भोंगा वाजला की ती आधी मसूरडाळीचे ताट उचलते. आत बसून डाळ निवडते. मी अकरावे कलम वाचत असताना ती म्हणते, "जरा उजेडातून सरका."

तार आली त्याच आठवड्यात फहाद यांनी मला बोलावले. त्यांची आई (सगळे त्यांना उम्म फहाद म्हणतात, म्हणजे फहादची आई) सप्टेंबरपासून व्हिएन्ना शहरात धाकट्या मुलाकडे होती. तिथे डोळ्याचे ऑपरेशन झाले. मुलगा म्हणाला, आता लढाई संपेपर्यंत इथेच राहा. बाई मूळच्या बुरैदा गावच्या, वय सत्तरच्या पुढे. त्यांनी फोनवर सांगितले की इथला खजूर चपलेच्या तळव्यासारखा लागतो, कॉफीत दूध घालतात, आणि ज्याला मला मारायचे असेल त्याने माझ्या घरी येऊन मारावे. धाकट्याला ऑफिसातून सुटी नव्हती. कोणाबरोबर याल, असे विचारल्यावर त्यांनी साबिराचे नाव घेतले. सगळे रियाध सोडून जेद्दाहकडे पळत असताना एका बाईला लढाईत परत आणण्यासाठी आम्ही दोघांनी युरोपला जायचे, असे ठरले. फहाद म्हणाले, "पाच दिवस. यल्ला." (म्हणजे निघा.)

भाई, खरे सांगतो, माझ्या मनात त्याच क्षणी तुमची तार उभी राहिली. रियाधहून विमान मिळत नाही, जेद्दाहहून तेव्हा जागा नव्हती, पण व्हिएन्नाहून मुंबईला मिळते. मी फहाद यांना विचारले. त्यांनी साबिराचे कागद करून दिले आणि म्हणाले, "तिची मर्जी असेल तर माझी ना नाही. खलास." तिची मर्जी विचारण्याचे काम मी पुढे ढकलले. परतीची जेद्दाहची तिकिटे दोघांची होतीच, त्याशिवाय तिचे रविवार १० फेब्रुवारीचे मुंबईचे तिकीट काढले आणि विषारी वायूच्या मास्कच्या पिशवीत आतल्या कप्प्यात ठेवले, कारण त्या पिशवीला ती कधीही हात लावत नाही. मास्क घातल्यावर आपण हत्तीच्या पिलासारखे दिसतो असे तिचे मत आहे.

रियाध ते जेद्दाह गाडीने गेलो आणि मंगळवारी विमानाने पोहोचलो. (विमानतळावर सगळीकडे वेगळेच नाव लिहिलेले होते. तिथले लोक आपल्या गावाला वीन म्हणतात. पहिला अर्धा तास आपण चुकीच्या देशात उतरलो आहोत असे धरून मी रांगेत उभा होतो आणि साबिराला कळू दिले नाही.) तपासणीत आमची बॅग उघडली. मास्क, टेपची तीन रिळे, टॉर्च, खजुराचे खोके आणि यादीची एक प्रत निघाली. अधिकाऱ्याने आणखी दोघांना हाक मारली. तिघे ते सामान बघत उभे राहिले. शेवटी एकाने इंग्रजीत विचारले, कुठून आलात? मी म्हटले, रियाध. एकाने सगळे पुन्हा नीट लावून दिले, मी लावले होते त्यापेक्षा चांगले. साबिराने त्यांना खजूर दिले. त्यांनी तिथेच खाल्ले आणि बिया खिशात टाकल्या.

शहराबद्दल काय लिहू? थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते. रस्त्यावरून ट्रामा जातात, त्यांच्या घंटा वाजतात. दुकाने काचेची. (एवढी काच एका रस्त्यावर मी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक दुकानासमोरून मी साबिराला भिंतीच्या बाजूने चालवत होतो, पण तिथे भिंतच काचेची होती.) कॉफीच्या दुकानात लोक एक कप घेऊन दोन-दोन तास बसतात, काठीला लावलेले वर्तमानपत्र वाचतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. मी तिथे तळघर कुठे आहे असे विचारले. वेटरने मला संडासाकडे नेऊन सोडले. हॉटेलात, ट्रामच्या कचेरीत, डोळ्यांच्या दवाखान्यात, सगळीकडे मी तळघर विचारले. दवाखान्यात मात्र त्यांनी दाखवले, फार उत्तम होते.

तुमच्या बहिणीला हे शहर आवडले. धाकट्याच्या बायकोने तिला एक लांब तपकिरी कोट दिला होता. तो घालून ती एकाच ट्राममध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच ट्रामने परत यायची, उतरायची नाही. त्या दिवसांत तिथे एक सण होता, लोक सोंगे काढतात आणि आत मुरांबा भरलेले गोल तळलेले पाव खातात. साबिराला ते हवे होते. मी म्हटले, कशात तळले आहेत ते विचारल्याशिवाय नाही. चार दुकाने विचारली, तीन ठिकाणी डुकराची चरबी. चौथ्या ठिकाणी बाईने तेलाचा डबाच आणून दाखवला. तेव्हा तुमच्या बहिणीने तीन खाल्ले आणि नाकाला साखर लावून हसली. १७ जानेवारीला लढाई सुरू झाल्यानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. रियाधलाही ती हसते, पण ते मला धीर देण्यासाठी हसते. त्यातला फरक मला कळतो. त्याच क्षणी माझे पक्के झाले की हिला पुन्हा भोंग्याखाली न्यायचे नाही.

पण सांगायचे कसे? बुधवारी ट्राममध्ये सांगायला गेलो तर तिकीट तपासनीस आला. गुरुवारी कालव्याच्या काठावर सुरुवात केली, "साबिरा, अम्मांची आठवण येत असेल नाही?" ती म्हणाली, "येते. तुम्हाला कसली भीती वाटतेय ते सांगा." मी म्हटले, काठ निसरडा आहे. शुक्रवारी तयारी करून कागदावर लिहून नेले. कॉफीच्या दुकानात बसून वाचायला घेतले तेव्हा तिने कागद काढून घेतला, त्यावर कॉफीचा कप ठेवला आणि म्हणाली, "सुटीत तरी यादी नको." तिला ती यादी वाटली.

आता शनिवारचे लिहितो. हे वाचताना अम्मा जवळ असतील तर मोठ्याने वाचू नये.

सकाळी साबिरा हॉटेलच्या खोलीत बॅग भरत होती. मी खिडकीशी उभा होतो. खाली रस्त्यावर पाहतो तर अर्ध्याहून अधिक लोकांनी मास्क लावलेले. मोठी माणसे, बायका, पोरे. लांब नाकाचे, पिसांचे, लाल, सोनेरी. मला वाटले, श्रीमंत देश आहे, रंगीत काढले असतील. सणाचे मी विसरलो होतो असे नाही, पण डोक्यात ते मागे गेले होते. तेवढ्यात, बरोबर बारा वाजता, भोंगा वाजला. तोच, खालून वर चढत जाणारा. भाई, मला पुढचे विचार करून करावे लागले नाही, हातांनी केले. खिडकीला टेप, खोलीच्या दाराला टेप, साबिराचा दंड धरून न्हाणीघरात, आतून पुन्हा टेप.

साबिरा म्हणत होती, "अहो, खाली लोक चालतायत."

"मास्क लावून चालतायत!"

"त्यातल्या एकाला शेपूट आहे."

मी त्यावर विचार केला नाही. न्हाणीघरात वर एक झडप होती, तिला दोन पदर टेप लावली. भिंतीवर पाणी तापवायचा गॅसचा बंब होता. वाफेने विषारी वायू खाली बसतो असे अल सुलैच्या गोदामात एकजण सांगत होता, म्हणून गरम पाण्याचा नळ बारीक चालू ठेवला. टॉवेल भिजवले, मास्क काढला, पट्टे नीट ओढले आणि दुआ म्हणत बसलो. भोंगा थांबला. पण रियाधला नंतर धोका टळल्याचा वेगळा भोंगा वाजतो. तो काही वाजेना. तो वाजल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, हे माझे नववे कलम आहे. आम्ही एक तास वीस मिनिटे बसलो.

मधे कधीतरी हॉटेलची मालकीण चादरी बदलायला आली. दार उघडेना म्हणून तिने हाका मारल्या. माझ्या तोंडावर जे होते त्यातून शब्द निघत नव्हते, आणि मी दुआ म्हणत होतो ती तिला कण्हल्यासारखी ऐकू गेली असावी. तिने बंबवाल्यांना, म्हणजे आग विझवणाऱ्यांना, फोन केला. आता बघा माझे नशीब. न्हाणीघराचे दार फोडून तिघे आत आले, आणि तिघांच्याही तोंडावर खरे, काळे, नळीचे मास्क. मी साबिराला म्हटले, "बघ! मी सांगत नव्हतो?"

त्यांनी आम्हाला उचलूनच जिन्यात नेले. खाली सगळे पाहुणे थंडीत उभे होते, एक बाई डोक्याला रुमाल गुंडाळून, एक म्हातारा एका पायात बूट घालून. धाकट्या मुलाला बोलावून घेतले, त्याने जर्मनचे अरबी करून सांगितले. त्या शहरात दर शनिवारी बरोबर बारा वाजता भोंगा नीट वाजतो की नाही ते वाजवून बघतात. कित्येक वर्षे बघतात. त्या वेळी लोक घड्याळे लावतात. त्या दिवशी त्या सबंध शहरात कोणाच्याही जिवाला कुठूनही धोका नव्हता. फक्त आमच्या न्हाणीघरात होता, कारण बंब पेटता होता आणि त्याचा धूर जायची झडप मी दोन पदर टेपने बंद केली होती. त्या धुराला वास नसतो. बंबवाल्याने ती टेप हातात धरून मला दाखवली आणि काहीतरी बोलला. धाकट्याने त्याचे भाषांतर केले नाही.

मला उलटी झाली, डोके दोन तास ठणकत होते. मालकिणीने आम्हा दोघांना सूप दिले आणि माझे टेपचे रीळ जप्त केले. (बाकीची दोन बॅगेत होती. ती तिला माहीत नव्हती.)

संध्याकाळी साबिरा विस्कटलेले सामान आवरायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मास्कची पिशवी उचलली, झटकली, आणि तिकीट गादीवर पडले. तिने ते उलटसुलट पाहिले.

"हे कुणाचं?"

"तुझं नाव आहे."

"एकच आहे."

"एकच आहे," मी म्हटले.

"उद्याचं आहे."

मी खिशात हात घातला. तुमची तार दाखवली. तिने वाचली, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. नंतर ती कोटाची बटणे लावून एकटीच ट्राममध्ये बसून आली. मी खिडकीतून पाच ट्रामा मोजल्या, सहाव्यातून ती उतरली.

रविवारी विमानतळावर दोन रांगा होत्या. एका बाजूला उम्म फहाद एका डोळ्यावर पट्टी लावून चाकाच्या खुर्चीत, मधे साबिरा, आणि मी तिकीट हातात धरून. मी म्हटले, "तुझी रांग ती आहे."

"आणि म्हातारीला वाटेत संडासला कोण नेणार? तुम्ही?"

"हवाई सुंदरी असते."

"तिला अरबी येतं? आणि तुम्हाला वाटेत धीर कोण देणार? तीच?"

उम्म फहाद यांना मराठीचा शब्द कळत नाही. पण त्या मधेच अरबीत म्हणाल्या, "मला एकाच डोळ्याने दिसतंय, तरी तुमच्यातलं पोर कोण ते दिसलं. चला." साबिराने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. जेद्दाहच्या रांगेकडे. मुंबईच्या रांगेतल्या माणसाने साबिराचे नाव दोनदा पुकारले, ते मी ऐकले.

आता आम्ही रियाधला आहोत. परवा पुन्हा भोंगा झाला. उम्म फहाद न्हाणीघरात यायला तयार नाहीत. त्या आपल्या दिवाणखान्यात मधोमध बसतात आणि वेलदोड्याची कॉफी मागतात, दूध न घातलेली. साबिरा ती करून नेते. मी दारात उभा राहून अकरा कलमे वाचतो. असे आमचे चालले आहे. काळजी करण्यासारखे काही नाही. अम्मांना सांगावे की जेवावे. तुमच्या गुडघ्याला शेक देत जावा, आणि गिरणी चालू असताना पट्ट्याच्या बाजूला उभे राहू नये.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
उमैर

ता.क. या पत्रात कुठे चूक राहिली असल्यास कळवावे. नववीनंतर कोणी तपासले नाही.

ता.क. दुसरा. वर "काळजी करण्यासारखे काही नाही" असे लिहिले आहे, ते पत्रात लिहितात म्हणून लिहिले आहे. मंगळवारी आमच्यापासून दोन रस्त्यांवर काचा फुटल्या. भाई, माझी एकच विनंती आहे आणि त्यासाठीच एवढे लिहिले. साबिराला तुमच्या हातचे पत्र पाठवा. त्यात लिहा की अम्मांची तब्येत फार बिघडली आहे, तुझे नाव घेतात, ताबडतोब ये. खोटे आहे, त्याचे पाप माझ्या नावावर. ते तिकीट आता जेद्दाह–मुंबई करून देतो असे तिकीटवाल्याने कबूल केले आहे. माझे ती ऐकत नाही. तुम्ही मोठे भाऊ आहात. तिला कळू देऊ नका की हे मी सुचवले. मी तिला सांगितले आहे की पत्र गिरणीच्या पट्ट्याबद्दल आहे.

ता.क. तिसरा. पाकीट मी स्वतःच चिकटवणार आहे.

भाई, साबिराचा सलाम. पाकीट चिकटवायला हे डिंक मागायला माझ्याकडेच आले. पट्ट्याबद्दल सात पानं कोण लिहितं? सगळं वाचलं. चूक एकही सापडली नाही, पण दोन गोष्टी यांनी गाळल्यात. पहिली, फहादसाहेबांनी आम्हा दोघांत मास्क एकच दिलाय. त्या शनिवारी तो यांनी माझ्या तोंडावर बांधला आणि स्वतः ओला टॉवेल घेऊन बसले. मी काढायला गेले की हात धरायचे. दुसरी, अर्ध्या तासाने माझं डोकं जड झालं, तेव्हा हे डोळे मिटून दुआ म्हणत होते. मी टबाच्या कडेवर उभी राहिले आणि त्या झडपेची टेप एका कोपऱ्यातून सोडवून ठेवली. नळही बंद केला. यांना अजून माहीत नाही. सांगू नकोस, फार हळवे होतील.

मी गेले तर तो मास्क हे स्वतः लावतील असं समजू नकोस. शेजारच्या बंगल्यात अलिबागचा बाळाराम नावाचा माळी आहे, त्याला कोणी दिलेला नाही. पहिल्या भोंग्याला यांचा मास्क त्याच्या तोंडावर असेल, आणि हे त्याला अकरा कलमं वाचून दाखवत असतील, ओला टॉवेल लावून.

अम्मांना आजारी पाडू नकोस, त्यांना ऐकू गेलं तर खरंच पडतील. तू पत्र लिही, पण मला नाही, यांना लिही. लिही की साबिरा तिथेच राहू दे, मोठा भाऊ म्हणून सांगतो. तुझ्या शब्दाबाहेर यांना जाता येत नाही. मला येतं.